दिवसाला किती सुटतात

आये, शुक्रवारपासून माझ्या लॅपटॉपवर एक फॉर्म अर्धवट भरून पडला आहे आणि तो पुरा करायचं सोडून मी तुला लिहायला बसले आहे. आज शनिवार, दुपारचे तीन वाजलेत. सुकापूरच्या या भाड्याच्या घराच्या दोन्ही बाजूंना इमारती उठतायत, त्यामुळे खिडकी बंद ठेवावी लागते. सकाळपासून मी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा अर्धा ओतून दिला. शेगडी सोडवून घासली, ती घाण नव्हती. फॉर्मला चौदा रकाने आहेत, त्यातले बारा भरून झालेत. तेरावा आहे 'पालकांनी सांगितलेले मासिक उत्पन्न' आणि चौदावा 'शिफारस: होय / नाही'. सोमवारी सकाळी अकराच्या आत तो पाठवायचा आहे. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तू असतीस तरी हे पत्र मला तुला वाचूनच दाखवावं लागलं असतं, आणि मी वाचून दाखवलेल्या कागदावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न आपल्या दोघींत आहेच. त्याच्याकडे येते.

मी काय काम करते ते तुला सांगायचं राहिलं. तू गेलीस तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. तळोज्याला एक प्रयोगशाळा आहे. कारखान्यांत दाब मोजायची घड्याळासारखी यंत्रं असतात, त्यांना गेज म्हणतात. ती आमच्याकडे येतात आणि खरं दाखवतात का हे मी तपासते. खोटं दाखवत असली तर नेमकं किती खोटं, ते लिहून खाली सही करते. बाजारात कुणी नवा काटा आणला की तू त्यावर आपलं जुनं किलोचं वजन ठेवून बघायचीस, तेच काम, फक्त पगारी. आमची कंपनी दरवर्षी इंजिनिअरिंगच्या काही मुलांची फी भरते. मी इथली, गावं मला माहीत, म्हणून अर्ज केलेल्या मुलांच्या घरी जाऊन यायचं काम माझ्याकडे येतं. घर बघायचं, पालकांशी बोलायचं, लिहायचं. आजवर मी असे एकोणीस फॉर्म भरले. एकासाठीही शेगडी घासावी लागली नव्हती.

विसावी मुलगी आपटा गावची आहे, दुसऱ्या वर्षाला, गुण चांगले. आता मुलींची शिकायची फी सरकार भरतं हे ऐकून तुला बरं वाटेल. पण हिला प्रवेश अगदी शेवटी, कॉलेजनं स्वतःच्या पातळीवर भरलेल्या जागांमधून मिळाला आणि त्या जागांना ती सवलत नाही. पहिल्या वर्षाची फी घरच्यांनी कशीबशी भरली. यंदाची भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेणार नाही असं कॉलेजनं लेखी कळवलंय. आमचे पैसे मिळाले तर ती परीक्षेला बसेल. नाही मिळाले तर वर्ष जाईल, आणि मग ती पनवेलच्या कुठल्या तरी दुकानात बिलं करायला उभी राहील. 'एक वर्षापुरतं' म्हणून उभ्या राहिलेल्या अशा दोघी मला माहीत आहेत. त्या अजून तिथेच आहेत.

शुक्रवारी संध्याकाळी मी स्कूटरवरून आपट्याला गेले. मुलीच्या वडिलांचा टेम्पो आहे. जासईच्या कंटेनर यार्डातून सुटा माल उचलायचा आणि गोदामांत पोचवायचा, हा धंदा. घरात शिरले तर ते, त्यांचा मेव्हणा आणि शेजारचे दोघं असे चौघं खुर्च्या मांडून बसलेले. शेजारच्यांना खास मला बघायला बोलावलं होतं की ते आपणहून आले होते, कळलं नाही.

"कंपनीच्या मॅडम ना?" त्यातला एक म्हणाला. "घर नीट बघा. आवडलं तर घेऊनच टाका."

"घेतील की. तुज्या घरापेक्षा बरं हाय," वडील म्हणाले आणि मला खुर्ची दिली. "सरबत घेणार का चा?"

मी नेहमीचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. घर स्वतःचं, हो. माणसं किती, पाच. मग महिन्याचं उत्पन्न. बाकी तिघांच्या माना माझ्याकडे वळल्या आणि मग वडिलांकडे.

"आमाला काय कमी हाय मॅडम? टेम्पो हाय. महिन्याचे चाळीस सुटतात."

"चाळीस हजार?"

"हां. कमी नाय, जास्तीच." मेव्हण्यानं मान डोलावली. फी भरायला कंपनीनं ठेवलेली उत्पन्नाची मर्यादा याच्या खूप खाली आहे आणि ती अर्जाच्या पहिल्याच पानावर छापलेली आहे. मुलगी आतल्या दारात ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे तसाच परत आत नेला.

मी निघाले तशी ती मागून धावत स्कूटरपर्यंत आली. "मॅडम, टेम्पो दिवाळीपासून हललेला नाही. ठेकेदारानं स्वतःच्या गाड्या घेतल्या. बाबा माणसांसमोर सांगणार नाहीत." मग श्वास घेऊन म्हणाली, "मी लिहून देऊ का तुम्हाला? बाबांना व्यवहार नीट कळत नाही, त्यांचं धरू नका, असं? मी सही करते."

"काही लिहू नकोस," मी म्हणाले. जरा मोठ्यानं म्हणाले असणार, कारण ती एक पाऊल मागे गेली.

"मग माझं काय होणार?"

"सोमवारपर्यंत थांब." याला उत्तर म्हणत नाहीत, हे मलाही कळत होतं.

आता तू म्हणशील, यात लिहायला बसण्यासारखं काय आहे. पोरगी खरं बोलतेय, टेम्पोच्या चाकात गुडघाभर गवत मी स्वतः बघितलं, चाळीसच्या जागी शून्य लिही आणि मोकळी हो. पण तेराव्या रकान्यात 'पालकांनी सांगितलेले' असं लिहिलंय. यंत्रानं जे दाखवलं नाही ते मी आजवर कागदावर उतरवलेलं नाही. आणि मुलीकडून लिहून घ्यायचं म्हणजे काय घ्यायचं, ते मला माहीत आहे.

तलाठ्याच्या ऑफिसातला तो दिवस मी शंभर वेळा तरी तपासला असेल. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, उत्पन्नाचा दाखला जोडला तर निम्मी फी सरकार भरणार आहे, चार दिवस उरलेत. बाबा जाऊन सात वर्षं झालीत, म्हणजे उत्पन्न तुझं एकटीचं. तू मासळीबाजारातून परस्पर आली आहेस, हाताला निवट्यांचा वास, पदरानं पुन्हा पुन्हा हात पुसते आहेस. आपल्या मागे तुझ्या बाजूला बसणारी बोंबीलवाली मावशी, तिलाही मुलासाठी दाखला हवा आहे. तिच्यामागे आणखी तिघी. तलाठी मान वर न करता विचारतो, "मावशी, दिवसाला किती सुटतात?"

तू पदर सारखा केलास. "पाचशे तरी सुटतात. सीझनला हजार बी."

"अगो बाय, हजार!" बोंबीलवाली म्हणाली. "तुज्याच बाजूला बसतंय ना मी? मना कसं दिसलं नाय कंदी?"

"तू झोपा काढतंस. तुना काय दिसल?"

सगळं ऑफिस हसलं. तलाठीही हसला आणि हसता हसता त्यानं पाचशेला तीनशे पासष्टनं गुणलं. दाखला मर्यादेच्या वर गेला. पावसाळ्यात होड्या बंद असतात, श्रावणात कुणी मासळी घेत नाही, सोमवारी आणि गुरुवारी निम्मा बाजार रिकामा, चतुर्थीला तू बसतही नव्हतीस. वर्षाचे जेमतेम दोनशे दिवस तुझी टोपली उतरायची, आणि पाचशे सुटायचे ते त्यातल्या चांगल्या दिवशी. हे मला तेव्हाही तोंडपाठ होतं.

रस्त्यावर मी म्हणाले, "तुझ्या तोंडापायी माझी फी गेली."

"हलू बोल."

"हळू कशाला? आत सगळ्यांना ऐकू गेलंच आहे."

मग तू चालता चालता मला समजावलंस, आणि मी ऐकत नव्हते तरी ते शब्द राहिले आहेत. "चार माणसांत धंदा नाय असं बोलत नाय, पोरी. टोपलीवर बसून असं तोंडातून गेलं का दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक फिरकत नाय."

"तो तलाठी होता. गिऱ्हाईक नव्हता."

"बाकीच्या व्हत्या ना."

बाजारात मी तुझ्याशेजारी बसलेले सगळे रविवार असेच आहेत. पाटीत अर्धी मांदेली उरलेली असायची आणि कुणी विचारलं तर तू ओलं गोणपाट वर ओढून म्हणायचीस, "सगला गेला, हे घरच्यासाठी ठेवलाय." बाकीच्याही तेच म्हणायच्या. घरी आपण तीन दिवस मांदेली खायचो. तुम्हा सगळ्या जणींना एकमेकींचं उरलेलं दिसत होतं आणि एकीनंही कधी दुसरीचं गोणपाट उचललं नाही. बोंबीलवालीनं त्या दिवशी चेष्टा केली खरी, पण 'खोटं बोलतेस' असं ती म्हणाली नाही. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मी तलाठ्याकडे एकटी गेले. आकडा चुकलाय म्हटलं. तो म्हणाला, आईनंच सांगितलाय, बदलायचा तर लेखी दे. मी तिथेच बाकावर बसून लिहिलं. शब्द मला पाठ आहेत. 'माझी आई अशिक्षित असून तिला हिशोब कळत नाही. तरी तिने सांगितलेले उत्पन्न ग्राह्य धरू नये.' खाली सही, तारीख. तलाठ्यानं ते मोठ्यानं वाचलं. बोंबीलवाली मावशीचा कागद आदल्या दिवशी राहिला होता, ती समोरच उभी होती. या वेळी ती हसली नाही. तलाठ्यानं नवा आकडा मला विचारलासुद्धा नाही. मर्यादेच्या जरा खालचा एक टाकला आणि पुढची सोय करून दिली. पहिला आकडा चूक होता, दुसराही चूक होता. दुसरा उपयोगाचा होता इतकंच. मला निम्मी फी मिळाली.

तुला हिशोब कळत नाही हे मी लिहिलं. बोय मासा हातात घेऊन तू वजन सांगायचीस आणि काट्यावर ठेवली की पन्नास ग्रॅमचा फरक निघायचा, त्याहून जास्त मी तरी कधी बघितला नाही. आमच्याकडे येणारी कितीतरी यंत्रं याहून वाईट असतात.

संध्याकाळी तू स्वयंपाकघरात पाटावर बसून मासळी साफ करत होतीस. मान खाली ठेवूनच म्हणालीस, "काय लिवून दिलंस त्याला? वाच मना." माझ्याकडे त्याची झेरॉक्स होती. मी ती काढली, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, 'पावसाळ्यात होड्या बंद असतात, त्यामुळे माझ्या आईचे उत्पन्न वर्षभर सारखे नसते.' बोट दोन ओळींवरून फिरवलं, तेवढ्याच वेळात संपेल असं बेतून.

"येवढंच?"

"एवढंच."

"बरं लिवलंस," तू म्हणालीस आणि विळी धुवायला घेतलीस. चार दिवसांनी पनवेलहून येताना माझ्यासाठी कॅल्क्युलेटर आणलास. इंजिनेराला लागतो तसला द्या असं तू दुकानदाराला सांगितलं होतंस आणि त्यानं खरोखरच बरोबर दिला होता. "घे. हिशोब पक्का पायजे तुजा." मी तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे काहीही लिहिलेलं नव्हतं.

दीड वर्षानं पाच दिवसांच्या तापात तू गेलीस. तेराव्याला बोंबीलवाली मावशी माझ्याजवळ येऊन बसली आणि मी न विचारता म्हणाली, "तिला म्हाईत व्हतं गो, तू काय लिवलंस ते. मीच सांगितलं, त्याच दिवशी दुपारला."

म्हणजे मी वाचून दाखवलं त्याच्या आधीच. मी विचारलं, "मग काय म्हणाली?"

"काय म्हननार? म्हनली, सायेब वाचताना कुठं अडखलला काय? मी म्हटलं नाय. तर म्हनते, बघ, अक्षर हाय माज्या पोरीचं."

काल इथपर्यंत लिहून थांबले होते. आज रविवार. सकाळी सातला उठून परत आपट्याला गेले. फोन केला नाही. मुलीला कळवलं नाही. सांगायचं असं काही ठरवूनही गेले नव्हते, शेगडी दुसऱ्यांदा घासणं शक्य नव्हतं म्हणून गेले असं समज.

वडील घरामागे टेम्पोपाशी एकटेच होते. बॉनेट उघडून बॅटरीच्या टोकांवर सोडा घातलेलं गरम पाणी ओतत होते. मला बघून चपापले. "मॅडम, तुमी? घरात चला, चा—"

"राहू द्या. बॅटरी उतरलीय का?"

"उतरू नये म्हणून दर रविवारी दहा मिनिटं चालू करून ठेवतो."

मी वाकून बघितलं. "पाणी कमी आहे हिच्यात. तिसऱ्या खान्यात बघा." त्यांनी बघितलं, होतंच. आतून बाटली आणून ते पाणी घालायला लागले आणि मी त्यांच्यासाठी झाकणं धरून उभी राहिले. घालता घालता मी विचारलं, "शेवटचं डिझेल कधी टाकलंत?"

"दिवाळीच्या आधी."

"त्या महिन्यात फेऱ्या किती झाल्या?"

"चार. नाय, पाच. एक रिकामा परत आलो."

"त्याच्या आधीच्या महिन्यात?"

त्यांना सगळं पाठ होतं. कुठला माल, कुठलं गोदाम, कुठल्या फेरीला टायर फुटला. पाऊस लागायच्या आधीपासूनचं त्यांनी महिन्यामागून महिना सांगितलं, जसं आजारी माणसाबद्दल डॉक्टरला सांगतात तसं, काही न लपवता. आम्ही गेज कधीच एका बिंदूवर तपासत नाही. तळापासून वरपर्यंत पाच ठिकाणी तपासायचं, मग तसंच खाली उतरत यायचं, हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. माणसाला मात्र मी एकोणीस घरांत एकच प्रश्न विचारत आले, तलाठ्यानं तुला विचारलेला.

बॉनेट लावून झाल्यावर ते म्हणाले, "परवा चाळीस बोललो ना, ते दोन वर्षांमागचं. तेव्हा सुटायचे. खोटं नाय बोललो मॅडम, जुनं बोललो." मग हात पुसत, "आता लिवा जे हाय ते. तिनंच सांगितलं ना तुमाला?"

"नाही. चाकांत गवत आहे," मी म्हणाले. ते चाकांकडे बघून हसले. "ते काढायला पायजे," म्हणाले, पण काढायला वाकले नाहीत.

फॉर्म मी दुपारी पाठवून दिला. तेराव्या रकान्यात महिन्यांची नावं आणि फेऱ्या लिहिल्या, रकाना लहान म्हणून वेगळा कागद जोडला. शिफारस होय. निर्णय समितीचा आहे आणि समितीत मी नाही, त्यामुळे मुलीला अजून काही कळवलेलं नाही. अस्वस्थपणा गेलेला नाही, आणि याचं कारण ती मुलगी नाही हे आता टाळता येत नाही. तिच्या वडिलांना कमी सांगायला वीस मिनिटं लागली. बघायला कुणी नव्हतं, आणि सांगायची त्यांची तयारी होती.

दुसऱ्या दिवशी मी तलाठ्याकडे एकटी गेले असं वर लिहिलंय. त्यात एक गाळलं. त्या सकाळी मी उठले तेव्हा तू बाजाराला गेली नव्हतीस. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, अबोलीची वेणी माळून ओट्यावर बसली होतीस. मला म्हणालीस, "चल, मीच सांगतंय त्याला. चुकलं म्हणतंय, कमी लिव." माझ्या डोळ्यांसमोर ते ऑफिस आलं, तुझा आवाज, तुझे हात, मागच्या रांगेतलं हसणं. मी म्हणाले, आज ऑफिस बंद आहे, तलाठी मीटिंगला गेलाय. तू 'बरं' म्हणालीस. आत जाऊन लुगडं बदललंस, वेणी काढून देव्हाऱ्यात ठेवलीस, आणि उशीर झाला होता म्हणून पाटी डोक्यावर घेऊन जवळजवळ पळतच नाक्याकडे गेलीस.

ऑफिस उघडं होतं, आये.